प्रतिस्पर्ध्याच्या प्रीएम्प्टिव्ह ओव्हरकॉलला उत्तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिजच्या डावात भिडूने १ बदाम म्हणून बोली उघडली, तुमच्या डोक्यात पुढच्या दोन-तीन बोल्या तयार झाल्या आणि उजवीकडच्या खेळाडूने थेट ३ किलवर म्हटलं, म्हणजे आपली जागा खाणारी उडी मारून प्रीएम्प्टिव्ह ओव्हरकॉल केला. १ इस्पीक गेलं, १ नो ट्रम्प गेलं, २ बदामही गेलं. आता पहिलीच बोली तिसऱ्या पातळीवर, आणि तीही भिडूची पानं जवळजवळ माहीत नसताना. या एका जागी रिस्पॉन्डरला, म्हणजे बोली उघडणाऱ्या ओपनरच्या भिडूला, पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. पाच पत्त्यांच्या मेजरने (इस्पीक किंवा बदाम) बोली उघडणारी नेहमीची नैसर्गिक पद्धत गृहीत धरली आहे. कंसातली बोली प्रतिस्पर्ध्याची.

उडी मारून ओव्हरकॉल करणाऱ्याकडे नेमकं काय असतं?

बहुतेक जोड्यांमध्ये ६ ते १० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि एकच लांब रंग. दुसऱ्या पातळीवर उडी असेल तर सहा पानं, तिसऱ्यावर सात, चौथ्यावर आठ किंवा भक्कम सात. पॉइंट बहुतेक त्याच रंगात, बाहेर फारसं काही नाही. व्हल्नरेबल (बुडाल्यास जास्त दंड आणि गेमला जास्त गुण असलेल्या बाजूचा) खेळाडू जरा जपून बोलतो, त्यामुळे त्याचा रंग जास्त चांगला असतो.

काही जोड्या मात्र हीच उडी मध्यम किंवा ताकदवान पानांवर मारतात. म्हणून आधी त्यांच्या बोलीपद्धतीच्या कार्डावर बघा किंवा विचारा. पुढचं सगळं विवेचन उडी कमजोर आहे असं धरून आहे.

या बोलीतून आपल्यालाही बरंच कळतं. एका हातात सात किलवर असतील तर बाकीच्या तीन रंगांसाठी तिथे फक्त सहा जागा उरतात. म्हणजे इतर रंगही वाकडे फुटण्याची शक्यता वाढते, आणि न दिसणारी राणी प्रीएम्प्ट करणाऱ्यापेक्षा त्याच्या भिडूकडे असण्याचा संभव जास्त. पुढे खेळताना ही माहिती फार कामाला येते.

माझ्या पानांत सगळ्यात आधी काय बघायचं? पॉइंट?

पॉइंट तिसरे. पहिल्यांदा बघा, प्रतिस्पर्ध्याच्या रंगाची तुमच्याकडे किती पानं आहेत. मग बघा, भिडूच्या रंगाची किती आहेत. या दोन आकड्यांवरून बोली कुठल्या दिशेला जायची ते बहुतेक ठरतं. पॉइंट फक्त किती वर जायचं ते सांगतात.

प्रीएम्प्टसमोर होणाऱ्या चुकांचं मूळ माझ्या मते एकच आहे: माणूस सवयीने दहा-अकरा पॉइंट मोजतो आणि त्या आकड्याला शोभेल अशी बोली शोधत बसतो. शांत बोलीत ते चालतं, कारण नंतर दुरुस्त करायला जागा असते. इथे ती जागा प्रतिस्पर्ध्याने खाऊन टाकलेली असते. राणी-गुलाम-तिर्री त्यांच्या रंगात असतील तर आपल्या हुकमाच्या करारात ते तीन पॉइंट जवळजवळ वाया जातात. त्यांच्या रंगाचं एकच पान असेल तर त्याची किंमत एखाद्या राजाइतकी होते.

दुसरी गोष्ट, भिडूकडे नेहमीची साधारण ओपनिंग आहे असं धरून चाला: बारा-तेरा, फार तर चौदा पॉइंट. त्याच्याकडे अठरा असतील तर तो स्वतः पुढे बोलेल. त्याच्याकडे नऊ-दहाच असावेत या भीतीनेही गप्प बसू नका.

निगेटिव्ह डबल म्हणजे काय आणि ते इथे कसं चालतं?

भिडूने रंग उघडला, प्रतिस्पर्ध्याने ओव्हरकॉल केला आणि तुम्ही डबल (एरवी समोरच्यांचा दंड वाढवणारी बोली) दिलं, तर त्याचा अर्थ दंडाचा नाही. ‘माझ्याकडे पॉइंट आहेत, न बोललेले रंग आहेत, त्यातही न बोललेला मेजर, पण सरळ बोलता येईल अशी बोली नाही’, असा निरोप त्यातून जातो. पूर्वी ओव्हरकॉलवरचं डबल दंडाचंच असे. १९५७ मध्ये अमेरिकेच्या ॲल्विन रॉथ यांनी हा नवा अर्थ आणला. सोव्हिएत उपग्रह त्याच वर्षी आकाशात गेल्यामुळे याला ‘स्पुटनिक डबल’ असंही नाव पडलं. आज जगभरच्या स्पर्धांमध्ये हेच रूढ आहे.

उदाहरण घ्या. १ चौकट – (३ किलवर) – ? आणि तुमची पानं अशी:

इस्पीक राजा-गुलाम-८-४
बदाम एक्का-राणी-७-३
चौकट १०-६-२
किलवर ८-५

दहा पॉइंट, दोन्ही मेजरची चार-चार पानं. ३ बदाम म्हटलं तर पाच पानांचं वचन जातं, ३ इस्पीकचंही तेच. डबल मात्र दोन्ही रंग एका दमात दाखवतं.

आता ओपनर काय करतो ते पाहा, कारण डबल देण्याआधी त्याच्या प्रत्येक उत्तराला आपली तयारी हवी. साधारण ओपनिंग आणि चार पत्त्यांचा मेजर असेल तर तो ३ बदाम किंवा ३ इस्पीक म्हणतो. पंधरा-सोळाच्या पुढे असेल तर थेट ४. किलवरचा स्टॉपर (तो रंग रोखणारं मोठं पान) असून मेजर नसेल तर ३ नो ट्रम्प. चौकट लांब आणि बाकी काही सांगण्यासारखं नसेल तर ३ चौकट. फार ताकदवान पानं असतील आणि रंग तुम्ही निवडावा असं वाटत असेल तर ४ किलवर. आणि किलवर लांब आणि जोरदार असतील तर तो पास करून डबल तसंच राहू देतो.

३ इस्पीकवरचं डबल याच कुळातलं, पण जास्त जोखमीचं. १ किलवर – (३ इस्पीक) – डबल झालं की भिडूला चौथ्या पातळीवर जावं लागतं किंवा ३ नो ट्रम्प म्हणावं लागतं. चार बदाम आणि अकराच्या आसपास पॉइंट नसतील तर तिथे हात आखडता घ्यावा.

किती पॉइंट लागतात?

दुसऱ्या पातळीच्या उडीवर, म्हणजे १ चौकट – (२ इस्पीक) नंतर, आठ-नऊ चालतात. तिसऱ्या पातळीवर नऊ-दहा. चौथ्यावर बारा किंवा त्याच्या आसपास. त्यांच्या रंगात एकच पान असेल तर एक पॉइंट कमी चालेल. त्यांच्या रंगाची तीन निकामी पानं असतील तर एक जास्तच हवा.

हे डबल कुठपर्यंत निगेटिव्ह धरायचं?

हे जोडीने आधी ठरवायचं. अनेक जण ३ इस्पीकपर्यंत धरतात, काही ४ बदामपर्यंत. मला दुसरी पद्धत जास्त सोयीची वाटते, कारण ४ किलवर किंवा ४ चौकटवर शुद्ध दंडाचं डबल देण्याजोगी पानं फार क्वचित येतात आणि दोन्ही मेजर असलेली पानं बऱ्याचदा. कुठलीही सीमा ठेवा, पण ती दोघांच्या कार्डावर एकच असू द्या.

भिडूच्या रंगाला साथ आहे. ३ बदाम म्हणू की ४?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गुण इथेच मिळतात आणि जातात. बोली तीच, १ बदाम – (३ किलवर) – ? आणि ही दोन वेगवेगळी पानं:

पहिली पानं:
इस्पीक ७-४-३
बदाम राजा-गुलाम-६-३
चौकट एक्का-९-८-५-२
किलवर ६

दुसरी पानं:
इस्पीक राणी-७-४-२
बदाम राजा-गुलाम-६
चौकट राणी-९-५-२
किलवर राणी-६

पहिल्यात आठ पॉइंट, दुसऱ्यात दहा. तरी पहिल्यावर ४ बदाम म्हणा आणि दुसऱ्यावर ३ बदाम.

भिडूकडे अगदी साधी ओपनिंग ठेवून पाहू: इस्पीक एक्का-८-६, बदाम एक्का-राणी-१०-७-५, चौकट राजा-४, किलवर ९-७-२. तेरा पॉइंट, काही विशेष नाही.

पहिल्या पानांसोबत किलवरचा एक हात जातो आणि उरलेले दोन किलवर डमीच्या (टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांतल्या) हुकमाने कापता येतात. हुकमाचे पाच आणि डमीतले दोन मिळून सात, इस्पीकचा एक्का आणि चौकटचे एक्का-राजा मिळून दहा. समोरून हुकूम खेळून डमीची पानं कमी करायचा प्रयत्न झाला तरी चार पत्त्यांची साथ असल्याने दोन कापायला पुरतात.

दुसऱ्या पानांसोबत किलवरचे एक्का-राजा सुरुवातीलाच जातात आणि आपली राणी त्यांच्याखाली पडते. चौकटचा एक्का जातो. इस्पीकचा राजा बाहेर, म्हणून तिथेही निदान एक. म्हणजे चार हात गेले आणि दोन पॉइंट जास्त असूनही गेम (मोठा बोनस देणारा करार, इथे ४ बदाम) बुडाला.

हिशेब असा ठेवा. त्यांच्या रंगात एक पान किंवा शून्य आणि चार पत्त्यांची साथ असेल तर सात-आठ पॉइंटवरही गेम म्हणावा. तीन पत्त्यांची साथ आणि सपाट पानं असतील तर आठ ते अकरापर्यंत ३ बदाम. पाच पत्त्यांची साथ असेल तर पॉइंट फारसे न बघता ४ बदाम, कारण झालं नाही तरी समोरच्यांचा करार बहुतेक वेळा आपल्याला त्याहून महाग पडला असता.

ओपनरसाठीही एक सूचना. भिडूने दबावाखाली दिलेलं ३ बदाम म्हणजे दोन बदामचीच थोडी ओढलेली बोली, असं समजू नका. ती सन्मानाने म्हटलेली बोली आहे, आठ ते अकरा पॉइंटची. पंधरा-सोळा असतील किंवा पानांचा आकार चांगला असेल तर तुम्ही गेमला जायचं.

साथ आहे आणि पॉइंटही भरपूर आहेत. मग?

प्रतिस्पर्ध्याचाच रंग बोला, म्हणजे क्यू-बिड. यात पातळीप्रमाणे फरक पडतो. १ बदाम – (२ इस्पीक) नंतर ३ बदाम ही नुसती टिकून राहायची बोली आणि ३ इस्पीक म्हणजे गेमचं आमंत्रण किंवा त्याहून जास्त. १ बदाम – (३ किलवर) नंतर आमंत्रणाला जागाच नाही. तिथे ४ किलवर म्हणजे गेम नक्की आणि स्लॅमवरही (बारा किंवा तेरा हातांच्या करारावरही) डोळा. १ बदाम – (३ इस्पीक) नंतर तर साध्या साथीलाही ४ बदामच म्हणावं लागतं. म्हणून त्या ४ बदामची व्याप्ती मोठी असते आणि ओपनरने त्यावरून स्लॅमकडे धावू नये.

स्वतःचा नवा रंग कधी म्हणायचा?

तिसऱ्या पातळीवरचा नवा रंग म्हणजे पाच किंवा जास्त पानं आणि गेमपर्यंत जाण्याइतकी ताकद. भिडूला पास करता येत नाही. १ चौकट – (२ इस्पीक) नंतर इस्पीक ६-३, बदाम एक्का-राजा-गुलाम-८-५, चौकट राणी-४, किलवर राजा-७-६-२ अशी पानं असतील तर ३ बदाम म्हणा. तेरा पॉइंट आहेत, कुठल्या ना कुठल्या गेममध्ये पोहोचायचंच आहे.

अडचण येते ती लांब रंग आणि कमी पॉइंट असले की. त्याच बोलीनंतर इस्पीक ६-३, बदाम राणी-गुलाम-१०-८-६-४, चौकट ५-२, किलवर राजा-७-३ अशी सहा पॉइंटची पानं असतील तर मनाला कितीही वाटलं तरी पास करा. ३ बदामने भिडूला वाटेल की तुमच्याकडे बारा आहेत, आणि तो ३ नो ट्रम्प किंवा त्याच्याही पुढे जाईल. पॉइंट आठ-नऊ असते तर आधी निगेटिव्ह डबल द्यायचं आणि भिडूने ३ किलवर किंवा ३ चौकट म्हटल्यावर ३ बदाम म्हणायचं. डबल देऊन नंतर स्वतःचा रंग म्हटला की रंग लांब आहे पण ताकद बेताची, हे भिडूला समजतं आणि तो पास करू शकतो.

काही जोड्या नवा रंग फोर्सिंग नसलेला, म्हणजे भिडूला पास करता येईल असा, खेळतात. दुसऱ्या पातळीवर ते शक्य आहे. प्रीएम्प्टनंतर तिसऱ्या पातळीवर ते करू नये असं माझं मत, कारण मग खऱ्या ताकदवान पानांनाही डबलमधून जावं लागतं आणि डावीकडच्याने रंग आणखी वाढवला की आपला रंग सांगायचा राहूनच जातो.

थेट उडी, म्हणजे १ चौकट – (३ किलवर) – ४ बदाम, ही खेळायची बोली. लांब आणि स्वतःच्या पायावर उभा राहणारा रंग, स्लॅमची आशा नाही.

३ नो ट्रम्प कशावर म्हणायचं?

स्टॉपर आणि बारा ते पंधरा पॉइंट. १ चौकट – (३ इस्पीक) नंतर इस्पीक एक्का-गुलाम-४, बदाम राजा-८-३, चौकट राणी-७-२, किलवर राजा-गुलाम-६-४ अशी पानं असतील तर दुसरा विचार करू नका. प्रीएम्प्टसमोर ३ नो ट्रम्प ही फार प्रामाणिक बोली आहे. नऊ हात पुरतात, आणि जिथे रंग वाकडे फुटण्याची भीती असते तिथे हुकमाचा करार हवाच असं नाही. दुसऱ्या पातळीच्या उडीनंतर २ नो ट्रम्पसुद्धा उपलब्ध असतं: दहा ते बारा, स्टॉपरसह, आमंत्रण.

स्टॉपर कसा आहे त्याइतकंच तो कोणाच्या हातात आहे यालाही महत्त्व आहे. नो ट्रम्प तुम्ही म्हटलं की पहिली उतारी प्रीएम्प्ट करणाऱ्याच्या भिडूकडून येते आणि प्रीएम्प्ट करणारा तुमच्या आधी खेळतो. त्यामुळे तुमच्याकडचा राजा-दुर्री सुरक्षित राहतो, एक्का पडला की राजा हात करतो. हाच राजा डमीत असता तर उतारी त्याच्यावरून गेली असती आणि मागे बसलेल्या एक्का-राणीने तो खाल्ला असता.

एकच एक्का असेल तर तो लगेच खेळू नका. समजा तुमच्याकडे इस्पीक एक्का-७-३ आणि डमीत एकच इस्पीक. बाहेर नऊ उरतात: बोलणाऱ्याकडे सात, त्याच्या भिडूकडे दोन. पहिला हात सोडा, दुसऱ्यावर एक्का मारा. आता उतारी करणाऱ्याकडे इस्पीक उरलेलं नाही. लांब रंगवाला हातात यायला बाहेरचं मोठं पान लागतं, आणि कमजोर उडीत ते बहुतेक नसतं. फिनेस (समोरचं मोठं पान टाळून लहान पानाने हात करायचा प्रयत्न) घ्यायचा असेल तर तो उतारी करणाऱ्याच्या बाजूला हरेल असा घ्या.

त्यांच्याच रंगात माझी जोरदार पानं आहेत. डबल देऊन दंड का नाही घ्यायचा?

कारण डबल निगेटिव्ह आहे, आणि भिडू ते काढून टाकेल. इथे पास करायचा आणि वाट पाहायची. १ बदाम – (३ चौकट) – ? तुमच्याकडे इस्पीक एक्का-७-४, बदाम ६, चौकट राजा-गुलाम-९-५, किलवर राणी-१०-७-४-२. पास करा, तोही नेहमीच्या वेळेपेक्षा जास्त न रेंगाळता. डावीकडून पास आला की ओपनरकडे चौकट थोडी असणार, बहुधा एक किंवा दोन. तो डबल देईल आणि तुम्ही ते राहू द्याल.

तो डबल देणार नाही अशी शक्यता असतेच. मग ३ चौकट डबलशिवाय बुडेल आणि आपल्याला ५० किंवा १००च्या पटीत थोडं मिळेल. ते मान्य करून पुढच्या पानांकडे वळा. त्या एका प्रसंगासाठी निगेटिव्ह डबल सोडून देणं फार महागात पडतं, कारण मेजर रंगाची पानं जोरदार दंडाच्या पानांपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात.

मी ओपनर आहे. बोली पास-पास होऊन माझ्याकडे आली. बोलायलाच हवं का?

त्यांच्या रंगाची किती पानं आहेत ते बघा. एक किंवा शून्य असेल आणि ओपनिंग नीटनेटकी असेल तर डबल द्या, कारण तुमच्या भिडूचा पास दंडाच्या आशेचा असू शकतो. दोन पानं असतील तर थोडी जास्तीची ताकद हवी, पंधराच्या आसपास. तीन किंवा जास्त असतील तर भिडूकडे त्यांचा रंग लांब असण्याची शक्यता जवळपास संपते. तिथे साध्या ओपनिंगवर पास योग्य.

दुसऱ्या पातळीच्या उडीनंतर हे डबल जास्त सढळपणे द्यावं, तिसरीवर जरा जपून. बारा पॉइंटची, बाजूला राणी-गुलाम विखुरलेली ओपनिंग असेल तर एकाच पानावरही मी तिसऱ्या पातळीवर विचार करतो, कारण भिडूकडे काहीच नसेल तर आपल्यालाच तिथे खेळावं लागेल.

थेट ४ इस्पीक आलं तर?

१ बदाम – (४ इस्पीक) नंतरचं डबल ‘माझ्याकडे पानं आहेत’ एवढंच सांगतं. रंगांचं वचन त्यात कमी, ताकदीचं जास्त. ओपनरची पानं सपाट असतील तर त्याने डबल राहू द्यावं. आकार विचित्र असेल, उदाहरणार्थ सहा बदाम आणि पाच चौकट, तर काढावं. पाचव्या पातळीवर अकरा हात करण्यापेक्षा त्यांचे चार हात काढणं बहुतेक वेळा सोपं असतं.

४ नो ट्रम्पचा अर्थ मात्र नव्या भिडूबरोबर कधीही गृहीत धरू नका. काहींसाठी तो एक्के विचारतो, काहींसाठी दोन मायनर (किलवर आणि चौकट) दाखवतो. दोन्ही चालतात.

व्हल्नरेबिलिटीने निर्णय किती बदलतो?

आकडे पाहा. आपला ४ बदामचा गेम नॉन-व्हल्नरेबल असताना ४२०, व्हल्नरेबल असताना ६२०. त्यांना डबलमध्ये बुडवलं तर ते नॉन-व्हल्नरेबल असताना एकाला १००, दोनला ३००, तीनला ५००, चारला ८००. ते व्हल्नरेबल असताना २००, ५००, ८००. म्हणजे आपण व्हल्नरेबल आणि ते नसतील तर ६२० भरून काढायला त्यांना चारने बुडवावं लागतं. अशा वेळी स्वतःचा गेम बोलणंच बरं. उलट असेल, म्हणजे ते व्हल्नरेबल आणि आपण नाही, तर दोनने बुडाले तरी आपल्याला ५०० मिळतात आणि ते आपल्या ४२०पेक्षा जास्त आहेत. तिथे दंड घेण्याकडे झुका. नॉन-व्हल्नरेबल बाजूला चौथ्या हातापासून प्रत्येकी ३०० असा वाढीव दंड १९८७ च्या नियमांपासून आहे, नाहीतर चारने बुडून ते ७०० वरच सुटत असत.

संघांच्या सामन्यात, जिथे इम्प (दोन टेबलांवरच्या गुणांच्या फरकावरून मिळणारे गुण) मोजले जातात, व्हल्नरेबल गेम होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असली तरी बोलावा. गेम झाला तर ६२० विरुद्ध १७० म्हणजे १० इम्प मिळतात, बुडाला तर उणे १०० विरुद्ध १४० म्हणजे ६ जातात. नॉन-व्हल्नरेबल असताना हाच आकडा सुमारे ४५ टक्के. मॅचपॉइंटमध्ये (प्रत्येक डावात इतर जोड्यांशी तुलना करून गुण देण्याच्या पद्धतीत) असा मोठा फरक नसतो, तिथे अधिकचा एक हातही मोलाचा.

एकूण हुकमांचा नियम इथे लागू पडतो का?

पडतो, आणि चांगला पडतो. फ्रान्सच्या ज्याँ-रने व्हेर्न यांनी १९६० च्या दशकात हे मांडलं आणि लॅरी कोहेन यांनी नव्वदच्या दशकात ते घराघरात पोहोचवलं. दोन्ही बाजूंचे आपापल्या लांब रंगातले हुकूम मोजले तर दोन्ही बाजूंनी मिळून होणारे हात साधारण तेवढेच असतात. व्यवहारात: आपल्याकडे नऊ हुकूम असतील तर तिसऱ्या पातळीपर्यंत, दहा असतील तर चौथ्यापर्यंत जायला कचरू नका. भिडूचे पाच बदाम आणि आपले चार म्हणजे नऊ, ३ बदाम कमी पॉइंटवरही सोसतं. तीन पत्त्यांच्या साथीवर आठच होतात, म्हणून तिथे पॉइंट लागतात.

नियम तंतोतंत चालत नाही. त्यांच्या रंगात आपल्याकडे राणी-गुलाम असतील तर एकूण हात कमी भरतात. आपल्या पॉइंटचा साठा आपल्याच लांब रंगांत असेल तर जास्त.

माझ्याकडे बारा पॉइंट आहेत, पण एकही बोली बसत नाही. काय करू?

सगळ्यात कमी खोटं बोलणारी बोली निवडा. १ इस्पीक – (३ बदाम) – ? इस्पीक राणी-६, बदाम ८-५-३, चौकट एक्का-गुलाम-७-४, किलवर राजा-राणी-८-२. स्टॉपर नाही, साथ दोनच पत्त्यांची, नवा रंग पाच पत्त्यांचा नाही. डबल. भिडूकडे बदामचा स्टॉपर असेल तर ३ नो ट्रम्प येईल, सहा इस्पीक असतील तर ३ इस्पीक येईल आणि दोन पत्त्यांमध्ये राणी असल्याने तुम्ही ४ इस्पीक म्हणू शकता, मायनर आला तर साथ तयार आहे. बारा पॉइंटवर पास केला तर बदामचा एकच हात घेणारा साधा ओपनर तिथेच थांबू शकतो आणि गेम निघून जातो.

विचार करायला वेळ घेतला तर अडचण येते का?

उडीच्या बोलीनंतर पुढच्या खेळाडूने साधारण दहा सेकंद थांबायचं असतं, पानं कशीही असोत. काही ठिकाणी त्यासाठी ‘स्टॉप’ कार्ड टेबलावर ठेवतात, काही ठिकाणी कार्ड नसलं तरी थांबणं अपेक्षितच असतं. याचा फायदा घ्या. दर वेळी सारखंच थांबलात तर तुमचा पास ‘काहीच नाही’चा आहे की ‘दंडाची वाट पाहतोय’चा, हे भिडूला वेळेवरून कळत नाही.

ते कळणंच नियमाला मान्य नाही. तुम्ही वीस सेकंद घुटमळून पास केलात आणि मग ओपनरने काठावरचं डबल दिलं, तर प्रतिस्पर्धी डायरेक्टरला बोलावू शकतात. तुमच्या घुटमळण्यातून मिळालेली माहिती ओपनरला वापरता येत नाही, आणि दुसरा तर्कसंगत पर्याय उपलब्ध होता असं दिसलं तर गुण बदलले जातात. म्हणून ३ चौकटवर राजा-गुलाम-९-५ घेऊन बसलेल्या खेळाडूनेही तेच दहा सेकंद घ्यावेत आणि मग पासचं कार्ड ठेवावं.